माणूस वाटेवर असताना

बादलीची कडी खण्णकन पत्र्यावर आदळली आणि दुपारपासून तोंड मिटून बसलेलं घर दचकलं.

"ठेव ती खाली," स्वयंपाकघरातून आई ओरडली. "ताया, बादली खाली ठेव म्हणते ना!"

"दारापुढचं तेवढं पुसते गं. बुटांचा चिखल आहे."

"असू दे चिखल. माणूस वाटेवर आहे. तो घरात पाय ठेवेपर्यंत फरशीला ओलं फडकं लागता कामा नये. वाट पुसली जाते त्याची. तुझ्या आजोबांच्या वेळी..."

"आजोबांच्या वेळी आजीने फरशी पुसली आणि आजोबा लाडोगा तळ्याच्या बर्फात अडकले. माहितीये मला."

"माहितीये, तर मग बादली हातात कशाला?"

हाताला काहीतरी चाळा हवा होता म्हणून. पण हे आईला कुठे सांगत बसायचं? तायाने बादली न्हाणीघरात नेऊन ठेवली. एरवी ती असल्या गोष्टी हसण्यावारी न्यायची. औषधांच्या दुकानात काम करणारी बाई, दिवसभर गोळ्यांचे डोस मोजणारी. ती काय फडक्याला घाबरणार? पण आज तिने ते फडकं उचलून बघितलं, कुठे ओलं तर झालं नाही ना म्हणून. कोरडं होतं. तिला उगाच बरं वाटलं.

मग ती पुन्हा खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

चौथ्या मजल्यावरच्या त्या खिडकीतून नदी दिसायची आणि नदीवरचा पूल. पुलाच्या अलीकडे त्यांचं इवानगोरोद, म्हणजे रशिया. पलीकडे नार्वा, म्हणजे एस्टोनिया. मध्ये नदी म्हणावी तर नदी, नाहीतर मोठा ओढाच. पलीकडच्या काठावर कुणी छत्री उघडली तर तिचा रंग इकडून कळायचा. पुलावरून गाड्या केव्हाच बंद झाल्या होत्या. जायचं तर पायी, बॅग ओढत, आणि दोन्ही टोकांना तासन्‌तास रांगेत उभं राहून.

त्या रांगेत आज सकाळी वॉरन उभा होता. तायाचा नवरा.

वॉरन हेलस्ट्रम अमेरिकेत डुलूथला राहायचा, समुद्राएवढ्या तळ्याच्या काठी, आणि बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. ताया कॉलेजात असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथल्या एका हॉटेलात चादरी बदलायचं काम करायला गेली होती, तेव्हा ते भेटले. लग्न तिथेच झालं, लीदाही तिथेच जन्मली. मग इकडे तायाच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला. तीन-चार महिन्यांत परत येते असं सांगून ताया तान्ह्या लीदाला घेऊन आली ती आलीच. वडील अंथरुणावर वर्षभर होते, मग गेले. आई एकटी पडली. तोवर तिकडे राहायच्या तायाच्या परवान्याची मुदत उलटून गेली. नवा परवाना हवा तर तिसऱ्याच देशात जाऊन नंबर लावायचा. तो लावला होता, पण लागत नव्हता. राहता राहिला वॉरन. त्यालाच यायला हवं होतं. तो एकदा आला, लीदा दोन वर्षांची असताना. त्यानंतर दोन हिवाळे नुसते फोनवर गेले.

पूर्वी हा प्रवास म्हणजे एक मोठी उडी होती. आता मिनियापोलिसहून विमान बदलत बदलत हेलसिंकी, तिथून बोटीने टालिन, टालिनहून बस आणि शेवटी हा पूल. अर्धं जग तो बसल्या बसल्या ओलांडून आला होता. उरली होती ती एवढीशी पायवाट, आणि सगळं घोडं तिथेच अडलं होतं.

सकाळी त्याने रांगेचा फोटो पाठवला होता. लाल लोकरी टोपी, नाकाचा शेंडाही तसाच लाल. खाली लिहिलं होतं: "आता आत सोडतायत. पिरोग गरम ठेवा." त्यानंतर काही नाही. पूल ओलांडला की परदेशी फोन पहिला दिवसभर मुका होतो, हे तायाला माहीत होतं. त्यातून थोड्याच वेळात गावातलं मोबाइलचंही जाळं बंद पडलं. आठवड्यातून एकदोनदा ते असायचंच, त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. म्हणून ताया उठून सरळ पुलाच्या फाटकापाशी जाऊन उभी राहिली होती. बर्फाचा चिखल झाला होता. एकेक माणूस बाहेर येत होता: पिशव्या घेतलेल्या म्हाताऱ्या, बाळाला छातीशी बांधलेली एक पोरगी, मांजराचा पिंजरा घेतलेला माणूस. मांजर आलं, पण वॉरन आला नाही. शेवटी पाय बधिर झाले तेव्हा ती घरी परतली.

आता दिवस कलायला लागला होता. ओव्हनमधला पिरोग, म्हणजे कोबी भरलेला पाव, दोनदा गरम करून झाला होता.

"तिसऱ्यांदा गरम केलास तर त्याचे बूट शिवता येतील," ताया म्हणाली.

"येऊ दे तर खरं. बूट असला तरी खाईल तो बरणीचोर," आई म्हणाली.

जावयाला हे नाव आईने ठेवलं होतं. गेल्या वेळी जाताना त्याच्याबरोबर रानफळांच्या मुरंब्याची बरणी दिली होती, आईच्या आवडत्या जाड काचेच्या बरण्यांतली, जुन्या झाकणाची. तेव्हापासून दर रविवारी फोनवर आई एकच विचारायची, "माझी बरणी कुठाय रे?" आणि वॉरन, तिला रशियन रीतीने 'मामा', म्हणजे आई, म्हणणारा, आपल्या तोडक्या रशियनमध्ये म्हणायचा, "मामा, बरणी तुरुंगात आहे." लीदा खदाखदा हसायची, फोनच्या पडद्यावर तोही हसायचा, आणि ती पडद्याला ओठ चिकटवून त्याच्या नाकाचा पापा घ्यायची.

दाराची बेल वाजली.

तिघीही उठल्या. लीदा टेबलाखालून, आई स्टुलावरून. ताया तर दारापर्यंत कशी पोचली तेही तिला कळलं नाही. पण दारात खालच्या मजल्यावरच्या रायसा काकू होत्या. नार्वात त्यांची बहीण राहायची. आठवड्याला त्या पूल ओलांडून जायच्या आणि चीज घेऊन यायच्या. आताही दोन्ही हातांत पिशव्या होत्या.

"उंबऱ्यावर नको, आत या, आत या," आई म्हणाली. उंबऱ्यावर उभं राहून बोललं तर भांडण होतं, हा आईचा आणखी एक नियम.

"झिनाइदा अर्काद्येव्हना, तुमच्यावर माझा राग आहे," काकू पिशव्या न ठेवताच आईला म्हणाल्या. "जावई यायचा होता आणि मला एका शब्दाने बोलला नाहीत? मी काय परकी?"

ताया पुढे झाली. "काकू, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? माझ्यापुढे रांगेत होता की! ताडासारखा माणूस, वर लाल टोपी. मी लगेच ओळखलं. त्याने पण ओळखलं असेल, हात केला मला."

"मग? काय बोलला?"

"बोलायला मी वेडी आहे का? मान फिरवली. सीमेवर कुणाला ओळख दाखवायची नसते, बाई. आपली पिशवी, आपला पासपोर्ट, आपलं नाक सरळ समोर."

"पण मग तो कुठाय?"

रायसा काकूंनी तायाकडे पाहिलं आणि त्यांचा रागाचा सूर एकदम उतरला. पिशव्या त्यांनी हळूच खाली ठेवल्या.

"त्याला बाजूला घेतलं," त्या म्हणाल्या. "आपल्याकडच्यांनी, अलीकडच्या टोकाला. बॅग उघडायला लावली, त्यातून काहीतरी काढलं, उजेडात धरून पाहिलं, दुसऱ्या दोघांना दाखवलं. मग आतल्या खोलीत नेलं. मी सुटले तेव्हा दार बंदच होतं. मला वाटलं एव्हाना आला असेल, मग बहिणीच्या औषधासाठी दवाखान्यात गेले... ताया, अगं बस. पांढरीफटक पडलीस."

"सकाळी नेलं?"

"सकाळीच."

"काय काढलं बॅगेतून?"

"मी काय वाकून बघणार होते? पोरी, तू आधी सांगितलं असतंस तर मी निदान त्याला म्हटलं असतं की ताया घरी वाट बघतेय. तुम्ही लपवून ठेवता सगळं!"

"लपवलं नाही," आई पुटपुटली. "आल्यावर सांगणार होतो. आधी बोललं की दृष्ट लागते."

"लागली की मग न बोलतासुद्धा!" काकू म्हणाल्या आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

काकू गेल्या. ताया कोट घालायला गेली, मग थांबली. जाऊन काय विचारायचं? कुणाला? फाटकावरचा पहारेकरी सकाळीच म्हणाला होता, बाई, इथे घोळका नको, आत काय चाललंय ते आम्हाला सांगत नाहीत. उलट फार मागे लागलं तर कुणाच्या तरी डोक्यात काहीतरी यायचं. परत पाठवलं तर? एकदा परत पाठवलं की पुढची कितीतरी वर्षं शिक्का बसतो म्हणे. आणि परत पाठवलं नाही, आत ठेवलं तर? तिने तो विचार तिथल्या तिथे दाबला. पण तो दबेना. पोळी टम्म फुगते तसा वर यायला लागला. लीदा चार वर्षांची. आणखी किती हिवाळे फोनवर काढायचे?

टेबलाखाली लीदाचं घर होतं. तिथे तिचा कापडी ससा आणि एक लाकडी चमचा राहायचा. चमचा तिने कानाला लावला होता.

"हॅलो?" लीदा जाड आवाज काढून म्हणाली. "कोण? कॅप्टन? मी पण कॅप्टन! नाही, आमच्याकडे अमेरिकन-बिमेरिकन कुणी नाही. मी अमेरिकन टीव्हीतच पाहिलाय. बरणी? कसली बरणी? म्हाताऱ्या बाईला लुबाडताना लाज वाटत नाही?" तिने चमचा सशाच्या डोक्यावर आपटला. "ठेवा!"

ताया वाकली. इतकी हळू वाकली की तिचेच गुडघे तिला ऐकू आले.

"लीदूश्का, हे असं कोण बोललं?"

"आजी."

"कधी?"

"तू खाली गेली होतीस ना बाबांना आणायला, तेव्हा. मोठा फोन वाजला. आजी जोरात ओरडली. ससा घाबरला."

मोठा फोन म्हणजे भिंतीवरचा, वडिलांच्या वेळचा. मोबाइलचं जाळं सकाळी बंद होतं. वॉरनकडे हाही नंबर होता.

ताया सरळ झाली. आई ओव्हनपाशी पाठमोरी उभी होती आणि तिच्या पाठीवरूनच कळत होतं की तिने सगळं ऐकलंय.

"आई."

"तो म्हणाला, सीमेवरच्या ठाण्यातून बोलतोय," आई ओव्हनलाच सांगत होती. "असंच म्हणतात ते! कधी बँकेतून बोलतोय, कधी पोलिसातून बोलतोय. तिसऱ्या जिन्यातल्या त्या मास्तरणीला असाच एक मेजर भेटला फोनवर आणि तिची आयुष्याची पुंजी घेऊन गेला. तूच सांगितलंस ना? तूच कागद लिहून लावलास फ्रिजवर! वाच! 'अनोळखी फोन: आमच्याकडे कुणी नाही. आम्हाला काही माहीत नाही. ठेवून द्यायचा.' मी अक्षरन्‌अक्षर तसं केलं."

"आणि बरणी?"

"तेच तर! तो विचारतो, तुमच्याकडे अमेरिकेतून कुणी बरणी घेऊन येणार आहे का? कोण असं विचारतं? मला वाटलं, बघा कसे शोधून काढतात घरातल्या गोष्टी. मी आणखी चिडले." आईचा आवाज बारीक झाला. "ताया, तो खरा होता का गं?"

तायाला ओरडायचं होतं. तिने फ्रिजवरचा कागद पाहिला. अक्षर तिचंच, लाल पेनने, मोठमोठं, आईला चष्म्याशिवाय वाचता यावं म्हणून. ओरडायचं तरी कुणावर?

"लीदाला कपडे घाल," ती म्हणाली.

"मी येणार."

"आई, तू नको."

"मी बोलले, मीच निस्तरणार. तू गेलीस तर म्हणतील, सकाळी नाही म्हणाल्या आणि आता कुठून उपटली ही बायको?"

हे मात्र खरं होतं. आईने बाहेर जायचा चांगला कोट घातला, त्यावर फरची टोपी, पासपोर्ट छातीशी खुपसला. मग आरशात पाहून ओठांना रंगही लावला. "अधिकाऱ्यापुढे कसं, माणसासारखं दिसावं," ती म्हणाली. लीदाला लोकरी मोजे, विजार, त्यावर दुसरी विजार, दोरीने जोडलेले हातमोजे. एक हातमोजा सापडेना. ताया रडायच्या बेताला आली, तेव्हा तो लीदाच्याच बाहीत निघाला.

रस्त्यावर तिघी जवळजवळ धावतच होत्या. आई घसरली, तायाने तिला दंडाला धरलं आणि धरूनच ठेवलं.

फाटकावर पहारेकरी बदललेला होता. ओठावर अजून मिसरूड न फुटलेला पोर.

"आजी, इथे थांबता येत नाही."

"मला थांबायचं नाही. मला कबूल करायचंय," आई म्हणाली.

"काय?"

"सकाळी तुमच्या कॅप्टनशी मी खोटं बोलले. जा, सांग त्याला. झिनाइदा अर्काद्येव्हना आली आहे म्हणावं. शिव्या दिलेली."

पोराने एकदा आईच्या रंगवलेल्या ओठांकडे पाहिलं, एकदा तायाकडे, आणि आत फोन लावला. बराच वेळ काहीच झालं नाही. पुलावर दिवे लागले. नार्वाच्या बाजूला किल्ल्याच्या बुरुजावर शेवटचा उजेड होता, तोही गेला. लीदा तायाच्या कोटात डोकं खुपसून उभी होती. तायाने तिच्या टोपीवर हनुवटी टेकवली आणि मनातल्या मनात वॉरनशी बोलायला लागली, जसं ती रोज झोपताना बोलायची. पण आज एकच वाक्य पुन्हा पुन्हा येत होतं: मी नव्हते ती, मी नव्हते, मी नव्हते.

दार उघडून एक मध्यमवयीन अधिकारी बाहेर आला. त्याचं नाक सर्दीने चोंदलेलं होतं.

"कोण शिव्या दिलेली?"

"हाच! हाच आवाज!" आई म्हणाली. "बघ, सर्दीच झालीय. मला वाटलं फोनला रुमाल लावून बोलतोय."

"आजी, सकाळी तुम्ही मला भामटा म्हणालात."

"तुम्ही लोकांनी काही खूण ठरवा ना, बाबा! भामटे पण तुमच्यासारखेच बोलतात. मी म्हातारीने कसं ओळखायचं?"

अधिकाऱ्याने नाक पुसलं. हसला नाही. "आणि आता खरं बोलताय हे मी कसं ओळखायचं?"

तायाने आपला पासपोर्ट पुढे केला, लग्नाचा दाखला, लीदाचा दाखला. त्याने ते उजेडाकडे धरून पाहिले, सावकाश.

"शेवटचे एकत्र कधी होतात?"

"गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात."

"दोन वर्षं. तुम्ही इकडे, तो तिकडे. आणि तुमच्या घरचे म्हणतात, आम्ही त्याला ओळखत नाही." त्याने कागद परत केले. "माझ्या जागी तुम्ही असतात तर?"

"मी पण त्याला आत बसवून ठेवलं असतं," ताया म्हणाली. कुठून आलं तिलाच कळलं नाही, पण खरं तेच होतं. "पण आता मी इथे उभी आहे. सोडत नाही तोवर उभी राहणार."

त्याने पुन्हा नाक पुसलं. मग आईकडे वळला.

"बरणी कशी आहे तुमची?"

आईचा चेहरा एकदम उजळला. "जाड काचेची. तळाशी एक बुडबुडा आहे काचेत, वाटाण्याएवढा. झाकण पत्र्याचं, वर माझ्या हातची चिठ्ठी: 'रानफळं, गोड कमी.' गोड कमी असं लिहिलंय कारण त्या वर्षी साखर..."

"बरणीत काय आहे?"

"मी मुरंबा दिला होता. आता काय असणार, रिकामी..." आई मध्येच थांबली. "नाही. रिकामी नसेल. मीच त्याला सांगितलं होतं, कुणाची बरणी रिकामी परत करायची नसते. घरात दारिद्र्य येतं. काहीतरी घालून आण म्हटलं होतं. काय आणलंय त्याने?"

"काळे दाणे. सुईसारखे लांब. म्हणतो तांदूळ आहे. तांदूळ काळा असतो का, आजी?"

"त्यांच्या तळ्यात उगवतो," ताया म्हणाली. "रानतांदूळ. बोटीतून काढतात. खरंच तांदूळ आहे तो."

अधिकारी आत गेला. दार लागलं.

"चिडला का गं?" आईने विचारलं.

"माहीत नाही."

"बुडबुडा बरोबर सांगितला मी."

"हो, आई."

आता अंधार पुरता पडला होता. दार दोनदा उघडलं. एकदा एक बाई निघाली, एकदा कुणीच नाही, नुसता वारा. तिसऱ्यांदा उघडलं तेव्हा लाल टोपी दिसली नाही. टोपी त्याच्या हातात होती. केस चपटे झाले होते, दाढी वाढलेली, बॅगेची चेन अर्धवट लागलेली आणि तिच्यातून एका सदऱ्याची बाही लोंबत होती. तो सावकाश चालत आला, कुणी हाक मारून परत बोलावेल असं चालत. फाटकाच्या बाहेर पाय पडला तेव्हा तायाने त्याला मिठी मारली. त्याच्या कोटाला बसचा, बोटीचा आणि बंद खोलीचा वास होता. त्याचे हात तिच्या पाठीवर आले, पण जरा उशिराने.

"मला वाटलं, तू आली नाहीस," तो इंग्रजीत म्हणाला.

"मी सकाळपासून इथेच होते. वॉरन, मी इथेच होते."

"ते म्हणाले, तुमच्या घरी फोन केला. तिथे तुम्हाला कुणी ओळखत नाही."

"ती आई होती. तिला वाटलं भामट्यांचा फोन आहे. मीच तिला शिकवलं होतं तसं बोलायला. तुला सगळं सांगते, घरी चल."

"हं," तो म्हणाला. मग थांबून, तिच्या केसांतच: "मला माहीत होतं काहीतरी चूक झालीय. पहिला तासभर तरी माहीत होतं. नंतर... खोलीत घड्याळ नव्हतं, ताया."

नंतर काय वाटत गेलं असेल ते तिला न सांगता कळलं, आणि ते कसं पुसायचं ते मात्र कळेना.

आईला इंग्रजी येत नव्हतं, पण तिने सगळं ओळखलं होतं. ती पुढे आली, आपली शाल काढली आणि त्याच्या गळ्याभोवती गुंडाळली, टाचा उंचावून.

"बरणीचोरा," ती म्हणाली, "मला दोन शिव्या दे. मोठ्याने दे. मला बरं वाटेल."

वॉरनला शब्द कळले असतील. तो खाली वाकला आणि तिच्या कपाळाला ओठ लावले. "काही नाही, मामा," तो रशियनमध्ये म्हणाला. "बरणी त्यांनी ठेवून घेतली."

"जाऊ दे. मेली काचच ती."

मग तो लीदापुढे गुडघ्यांवर बसला, त्या चिखलात. त्याचा चेहरा तिच्या चेहऱ्यासमोर आला, जवळ, रस्त्याच्या दिव्याखाली. तो हसायचा प्रयत्न करत होता. ताया बघत होती. ते हसू ओठांपर्यंत येत होतं आणि तिथूनच माघारी जात होतं. त्याने हात पुढे केला. लीदाने आपला हातमोजा त्यात ठेवला, नीट, शहाण्या मुलीसारखा, आणि लगेच काढून घेतला.

"दमलीय," ताया म्हणाली. "झोप आलीय तिला. घरी गेल्यावर बघ."

"हो," वॉरन म्हणाला. "तिला वेळ घेऊ दे."

ते चालू लागले. पुढे आई त्याची बॅग त्याच्या हातातून ओढून घ्यायला बघत होती आणि तो देत नव्हता. दोघांची तोडक्या शब्दांत ओढाओढ चालली होती. ताया लीदाला कडेवर घेऊन मागे राहिली. दोन विजारींमुळे पोरीचं ओझं गाठोड्यासारखं झालं होतं. तिचा गार गाल तायाच्या मानेला लागला होता. ती तायाच्या खांद्यावरून पुढे जाणाऱ्या त्या उंच पाठीकडे टक लावून बघत होती.

"आई," ती कानाशी लागून कुजबुजली. "फोनमधले बाबा कुठे आहेत?"

"हेच ते, राणी. हेच आपले बाबा."

लीदाने पुन्हा एकदा नीट पाहिलं. मान हलवली.

"नाही. ते हसतात." मग तिने तायाचा चेहरा दोन्ही हातमोज्यांत धरून स्वतःकडे वळवला. "त्यांना येऊ दिलं नाही का?"